हसणाऱ्यांची तसबीर

मराठवाड्यात भरलेल्या साहित्य संमेलनांच्या अध्यक्षांची नावे चाळताना एका योगायोगाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. १९८३ साली अंबाजोगाईस व्यंकटेश माडगूळकर, १९८५ साली नांदेडला शंकर पाटील आणि १९९८ साली परळी वैजनाथ येथे द. मा. मिरासदार असे जे तीन लेखक अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी विराजमान झाले, ते तिघेही १९२६-२७ या दोन वर्षांत जन्मलेले समवयस्क, तिघेही ग्रामीण कथेचे कारागीर, आणि साठीच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षे एकत्र मोटारीतून हिंडून गावोगाव कथाकथन करणारे सहप्रवासी होते. त्यांच्या हाती वाद्य नव्हते, अंगावर वेष नव्हता, पाठीमागे रंगविलेला पडदा नव्हता. एक ध्वनिक्षेपक, एक तांब्याभांडे, आणि समोर शाळेच्या पटांगणात सतरंजीवर बसलेली, बायकामुलांसह आलेली, शेवटच्या रांगेत सायकलीच्या सीटवर कोपर टेकून उभी राहिलेली मंडळी, एवढ्या सामग्रीवर त्यांनी महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांना पोट धरून हसविले. माडगूळकरांना नुसते विनोदी म्हणणे अन्यायाचे होईल; त्यांच्या कथेतले हसू पुष्कळदा गळ्याशी येऊन थांबते. परंतु मिरासदारांच्या ‘भुताचा जन्म’नंतर किंवा पाटलांच्या ‘धिंड’नंतर जो हशा मांडवातून उठे त्याचे यजमानपद तिघांचेही होते, आणि संमेलनाध्यक्षपद नावाचे मराठीतील सर्वांत गंभीर सिंहासन या तिघांना एकेक करून मराठवाड्याच्याच भूमीवर लाभावे, ही घटना मला तरी नुसता योगायोग वाटत नाही.

या त्रिकुटाचे आवाज पुष्कळसे टिकले आहेत. ध्वनिफिती निघाल्या, आकाशवाणीने ध्वनिमुद्रणे केली, आणि आज ती खिशातल्या फोनवरही सापडतात. टिकला नाही तो समोरचा मांडव. नांदेडच्या, लातूरच्या, उदगीरच्या त्या सभांत कोण आले होते, कोणत्या वाक्याला कोण कोणाकडे पाहून हसले, सोवळ्याची आजी हसताना पदर कसा तोंडाला लावी आणि पहिल्या रांगेतले मामलेदार हसू आवरण्यासाठी चष्मा पुसत कसे बसत, याचा एकही दस्तऐवज आपल्यापाशी नाही. ही उणीव मला प्रथम जाणवली ती आपल्याकडील कोणत्याही कार्यक्रमाने नव्हे. सातासमुद्रापलीकडच्या चार कृष्णवर्णीय विनोदवीरांवरील एका चित्रपटाने.

‘द ओरिजिनल किंग्ज ऑफ कॉमेडी’ हे त्या चित्रपटाचे नाव. स्टीव्ह हार्वी, डी. एल. ह्यूली, सेड्रिक द एंटरटेनर आणि बर्नी मॅक हे चार आफ्रिकी-अमेरिकन विनोदकार १९९७ पासून वॉल्टर लॅथम नावाच्या एका तरुण ठेकेदाराच्या सुपारीवर अमेरिकेतील मोठमोठ्या क्रीडागृहांतून कार्यक्रम करीत फिरत होते. हजारो प्रेक्षक, बहुतेक सर्व कृष्णवर्णीय, आपल्या ठेवणीतल्या कपड्यांत, लग्नाला आल्यासारखे येत; आणि तरीही त्या देशाच्या प्रमुख प्रसारमाध्यमांना या दौऱ्याची फारशी खबर नव्हती. फेब्रुवारी २००० च्या २६ आणि २७ तारखांना नॉर्थ कॅरोलायना राज्यातील शार्लट या शहरी, तेथील प्रशस्त कोलिझियममध्ये, दिग्दर्शक स्पाइक ली यांनी आपले कॅमेरे लावले आणि त्या दोन रात्री टिपून घेतल्या. ऑगस्टमध्ये तो चित्रपट प्रदर्शित झाला. सुमारे तीस लाख डॉलर खर्चून काढलेल्या या चित्रपटाने तीन कोटी ऐंशी लाख डॉलरांच्या घरात गल्ला जमविला, तेव्हा कुठे ज्यांना खबर नव्हती त्यांनी खबर घेतली.

चित्रपटात कथानक असे नाही. चौघे एकामागून एक येतात, बोलतात, जातात; अधूनमधून पडद्यामागे पत्ते कुटताना, एकमेकांची टोपी उडविताना दिसतात. सूत्रधारी हार्वीकडे आहे. तो जुन्या काळची गाणी वाजवितो आणि ते भव्य सभागृह एका आवाजात ती म्हणू लागते. मग नव्या गाण्यांची यथेच्छ टिंगल होते, आणि वडीलधाऱ्यांच्या माना डोलू लागतात. ह्यूली सांगतो की दोर बांधून पुलावरून उडी मारण्याचा गोऱ्यांचा शौक आपल्याला झेपणार नाही, कारण तो फाशीच्या फार जवळचा आहे. जमावाने झाडाला लटकाविलेल्या पूर्वजांची आठवण एका वाक्यात येते, एका श्वासात हशा होऊन फुटते, आणि ज्याच्या अंगावर काटा यायचा त्याच्या अंगावर तो येऊनही जातो. सेड्रिक एका क्षुल्लक प्रसंगाचे सोने करतो: कार्यक्रमाला उशिरा पोहोचलेला गोरा मनात म्हणतो की आपल्या खुर्चीवर कोणी बसले नसावे म्हणजे बरे, काळा म्हणतो, बसून तर पाहा कोणी! दोन शब्दांच्या फरकात त्याने दोन समाजांचे मानसशास्त्र मांडून ठेवले आहे, आणि हे काम आमचे विद्यापीठीय समाजशास्त्र तीनशे पानांत करू धजत नाही. अखेरीस येतो बर्नी मॅक. व्यसनाच्या आहारी गेलेल्या बहिणीची तीन मुले आपल्या पदरात पडल्याचे जे आख्यान तो लावतो, त्यातली मुलांना बडवण्याची भाषा आजच्या कानांना, आणि खरे तर कोणत्याही काळाच्या कानांना, सोसवणारी नाही. शिव्यांची तर शिमग्यालाही लाज वाटावी अशी रेलचेल आहे. तरीसुद्धा त्या दरडावणीच्या तळाशी तीन पोरक्या मुलांना घरात घेतलेल्या माणसाची जी थकलेली माया आहे, ती त्याच्या डोळ्यांच्या बुबुळांतून दिसत राहते. हा बर्नी मॅक २००८ साली, वयाच्या अवघ्या पन्नाशीत वारला.

परंतु या चित्रपटाचा खरा नायक या चौघांपैकी कोणीही नाही. स्पाइक ली यांची नजर पुन्हापुन्हा रंगमंचावरून वळून खुर्च्यांकडे जाते. एक लठ्ठ गृहस्थ हसता हसता खुर्चीतून घसरतो आहे, एक मध्यमवयीन बाई शेजारणीच्या मांडीवर थाप मारते आहे, कोणी उभा राहून हात हवेत फेकून जणू म्हणतो आहे की हे माझ्या घरचे आहे, तुला कोणी सांगितले? विनोद सांगणारा आणि तो ज्याच्याविषयी सांगितला जातो तो, हे दोघेही एकाच छपराखाली आहेत, याची साक्ष देणारी ती मुद्रा आहे. शार्लटचे ते कोलिझियम २००७ साली सुरुंग लावून जमीनदोस्त करण्यात आले. त्या दोन रात्री तिथे हसलेली माणसे मात्र अजून हसत आहेत.

स्थळाचे आणखी एक मर्म आहे. त्याच नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो गावी, बरोबर चाळीस वर्षांपूर्वी, १ फेब्रुवारी १९६० या दिवशी, चार कृष्णवर्णीय विद्यार्थी एका दुकानाच्या उपाहार-काउंटरवर, जिथे फक्त गोऱ्यांना बसण्याची मुभा होती, जाऊन बसले होते, आणि त्या बैठकीतून दक्षिणेकडील सत्याग्रहांची लाट उसळली होती. तेव्हा चौघांना कॉफी नाकारण्यात आली; चाळीस वर्षांनी चौघांना त्याच राज्यात क्रीडागृह अपुरे पडले. चित्रपट याचा उल्लेखही करीत नाही. सेड्रिकच्या त्या खुर्चीच्या विनोदावर इतका मोठा हशा का होतो, हे मात्र या इतिहासावाचून पुरते उमगणार नाही.

आता कोणी विचारील की नांदेड-लातूरचा या कृष्णवर्णीय अमेरिकेशी संबंध तो काय? संबंध आहे, आणि तो जुना आहे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे १९९४ साली नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांनी ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ सत्तरीच्या दशकातच मराठीत लिहिला. शीर्षकातला शब्द त्या काळाचा आहे; आस्था मात्र कालबाह्य झालेली नाही. तिकडे औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात आणि गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकात या साहित्याची चर्चा चालू होती, १९७२ साली मुंबईत दलित पँथरने तर नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि मराठवाड्यातील महाविद्यालयीन तरुण रिचर्ड राइट, जेम्स बाल्डविन, राल्फ एलिसन ही नावे आपल्या तालुक्याच्या आमदाराच्या नावाइतक्या सहजतेने उच्चारू लागले.

मात्र या वाचनात एक अर्धे अंग राहून गेले असे मला वाटते. आपण त्यांचा आक्रोश घेतला, त्यांचे हसणे घेतले नाही. लँग्स्टन ह्यूज हा कवी आपल्याला वेदनेचा कवी म्हणून माहीत आहे. त्याच ह्यूजने ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात १९४३ पासून ‘सिंपल’ नावाच्या एका हार्लेमवासी बडबड्या माणसाची विनोदी सदरे वर्षानुवर्षे लिहिली आणि १९६६ साली आपल्या लोकांच्या विनोदाचा एक जाडजूड संग्रहही संपादित केला, ही गोष्ट आमच्या चर्चासत्रांतून क्वचितच ऐकू आली. असे का व्हावे? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या काळात ज्यांची घरे जळत होती त्यांना आधी आक्रोशच जवळचा वाटणार, हे उघड आहे. पण त्याहून खोल कारण असे की मराठी समीक्षेने विनोदाला कायम पाहुण्यासारखे ओसरीवर बसविले, माजघरात कधी घेतले नाही. सत्यशोधक जलशांतील बतावणीत भटजी-शेटजींची जी टर उडवली जाई, भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांत हसता हसता जो प्रचार होई, अण्णाभाऊ साठे यांच्या ‘अकलेची गोष्ट’मध्ये जो सावकार गमतीगमतीत नागवला जाई, त्या सगळ्याची गणना आपण प्रबोधनाच्या खात्यावर केली आणि विनोदाचे खाते कोरे ठेवले.

येथे हसतो कोण आणि कोणाला, हा प्रश्न टाळता येत नाही. अमेरिकेत शतकभर गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करीत आणि गोरे प्रेक्षक खिदळत. बर्ट विल्यम्ससारख्या असामान्य कृष्णवर्णीय नटालाही स्वतःच्या तोंडाला तीच काजळी फासूनच रंगमंचावर यावे लागे. शार्लटच्या त्या दोन रात्रींचे मोल या पार्श्वभूमीवर ध्यानात येते. मराठवाड्याचे दुःख तितके दारुण नाही. तरी पुण्या-मुंबईच्या नाटक-सिनेमांनी मराठवाडी बोली पुष्कळ काळ घरगड्याच्या, हवालदाराच्या आणि वेंधळ्या पाहुण्याच्या तोंडी घातली, हे नाकारता येणार नाही. तुमच्या जिभेवरची भाषा ऐकूनच समोरचा हसत असेल, तर विनोद तुम्ही केलेला नसतो. विनोद तुमच्यावर झालेला असतो.

हा हिशेब एका माणसाने उलटा फिरविला. औरंगाबादेस नाट्यशास्त्राचे अध्यापन करणारे प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात, एकट्याच्या अंगाखांद्यावर, बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या, आणि मराठवाड्यातील एका खेड्याचे वऱ्हाड आपल्या बोलीसकट, रुसव्याफुगव्यासकट विमानात चढविले. गंमत अशी की या प्रयोगात बावळट ठरतो तो खेडूत नाही, त्याला विमानात बसवून घेणारे जग आहे. लंडनला जाऊनही वऱ्हाड आपला हेका सोडीत नाही, आणि तेच आमच्या लोकांना हवे होते. मराठवाड्यातील प्रेक्षक या प्रयोगाला जेव्हा हसे, तेव्हा ते हसणे सेड्रिकच्या प्रेक्षकाच्या जातीचे असे: ही माझी आत्या, हा माझा चुलता, आणि तुम्ही त्यांना ओळखत नाही, मी ओळखतो. देशपांडे २००९ साली वारले. प्रयोगाचे चित्रमुद्रण उपलब्ध आहे, आणि संदीप पाठक यांनी तो प्रयोग पुढे चालविला आहे. चित्रमुद्रणात आपण साहजिकच देशपांड्यांना पाहतो. ज्यांच्यासाठी ते बावन्न वेळा स्वतःला बदलीत होते, ती माणसे अंधारात आहेत.

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यात, माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजारासाठी ती विख्यात आहे. तमाशाच्या फडांसाठीही आहे. या यात्रेत फडाच्या कनातीत शिरून कोणीही पाहावे. गण झाला, गौळणीत मावशीचे काम करणाऱ्या पुरुषाने आपला पदर सावरला, आणि बतावणी सुरू झाली की तमाशाचा खरा हुकूम सोंगाड्याच्या हाती जातो. मी पाहिलेल्या एका बतावणीत सरदाराने ‘दरबारचा हालहवाल सांग’ असे फर्माविताच सोंगाड्याने त्या दिवशीचा सोयाबीनचा भाव सांगितला, आणि मांडवातून जो हशा उठला त्यात हताशपणा, राग आणि खूश होणे ही तिन्ही इतकी एकजीव होती की निवडता येऊ नयेत. तो विनोद त्या दिवसाचा, त्या बाजारपेठेचा होता. पुढल्या मुक्कामी भाव बदलेल, विनोदही बदलेल. बतावणी कोणी लिहून ठेवीत नाही. म्हणूनच तिचे चित्रण, आणि तेही समोरच्या शेतकऱ्यांच्या चेहऱ्यांसह चित्रण, हा एकच तिचा उरणारा ग्रंथ आहे.

प्रेक्षकांच्या या मोकळ्या हसण्यासंबंधात निजामी मुलखाचा एक वारसा विसरू नये. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूरचा परिसर हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबाद-गुलबर्ग्याच्या दखनी मजाहिया शायरीचा छंद येथील मुसलमान, कायस्थ, ब्राह्मण, सर्वांनाच लागलेला होता. गुलबर्ग्याचे सुलेमान खतीब दखनीत जी व्यंगकाव्ये म्हणत, ती ऐकणाऱ्याला उर्दू व्याकरण यावे लागत नसे. सासू-सुनेचे भांडण कानावर पडलेले असले की पुरे. पुढे रामदास फुटाणे, अशोक नायगावकर, विठ्ठल वाघ, आणि हिंगोलीकडचे आमचे फ. मुं. शिंदे या कवींनी व्यासपीठावरून हास्यकवितेचे जे फड गाजविले, त्यांना मराठवाड्यात तयार कान मिळाले, त्याचे निम्मे श्रेय मी मुशायऱ्यांना देईन. दाद द्यायची असते, आणि ती मोठ्याने द्यायची असते, हे शिक्षण या मुलखाला मुशायऱ्यांनी दिले.

एक रिकामी जागा येथे नोंदवून पुढे जातो. ‘किंग्ज’च्या पाठोपाठ २००१ साली अमेरिकेत ‘द क्वीन्स ऑफ कॉमेडी’ आला. मोनीक, सोमोर, अ‍ॅडेल गिव्हन्स आणि लॉरा हेज या चार स्त्रियांनी मेम्फिस येथे रंगमंच ताब्यात घेतला आणि पुरुषांना सळो की पळो करून सोडले. आमच्याकडे जात्यावर, पंचमीच्या झोक्यावर, लग्नातल्या उखाण्यांत बायकांनी केलेला विनोद पुरुषांच्या विनोदाहून निश्चितच अधिक धारदार आहे; पण व्यासपीठावर मावशीसुद्धा पुरुषच होतो.

आज परिस्थिती अशी आहे की कॅमेऱ्यांचा दुष्काळ उरला नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांत बारावीची तयारी करणारा मुलगा पुण्या-मुंबईच्या विनोदकारांचे एकपात्री कार्यक्रम रात्री फोनवर पाहतो. दूरचित्रवाणीवर हास्याच्या मालिका रोज चालतात, आणि त्यांत प्रेक्षकही बसविलेले असतात. पण बसविलेला प्रेक्षक आणि आलेला प्रेक्षक यांच्या हसण्यात फरक आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा शहरात त्यावर जे विनोद नळाच्या रांगेत, पानपट्टीवर, कचेरीत झाले, ते बाहेरच्या कोणी केले असते तर मार खाल्ला असता. तो विनोद करण्याचा अधिकार रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा होता. त्या उन्हाळ्यात लातुरात कोणी स्पाइक ली नव्हता.

म्हणून या लेखाच्या निमित्ताने एक विनंती करतो. १९८५ च्या नांदेड संमेलनाची, कथाकथनाच्या दौऱ्यांची, हास्यकवी संमेलनांची, महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांतल्या एकपात्रींची, मुशायऱ्यांची किंवा यात्रेतल्या बतावण्यांची चित्रफीत, ध्वनिफीत अथवा नुसती छायाचित्रे ज्यांच्या घरी आहेत, त्यांनी ती भंगारवाल्याच्या हवाली करू नयेत. त्या काळी लग्नाचे चित्रण करणारे कित्येक छायाचित्रकार गावातला असा कार्यक्रमही सवयीने टिपून ठेवीत. त्यांच्या दुकानांच्या माळ्यांवर जुन्या व्हीएचएस फिती अद्याप पडलेल्या असण्याचा पुष्कळ संभव आहे. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर ती यंत्रात घालून पाहण्याचा मोह आवरावा, कारण बुरशीची फीत एकदा चालविली की यंत्रही खराब होते आणि फीतही. जाणकाराकडून आधी स्वच्छ करून घेऊन मगच तिची संगणकीय प्रत काढावी. फितीच्या पाकिटावर गाव, साल, कार्यक्रम आणि समोर बसलेल्यांपैकी ओळखू येतील त्यांची नावे पेन्सिलीने लिहावीत. आणि नांदेडच्या विद्यापीठाने, परभणी व नांदेड आकाशवाणीने, मराठवाडा साहित्य परिषदेने हे सारे एका दफ्तरात गोळा करण्याचे मनावर घ्यावे. त्या पटांगणांत आजीच्या मांडीवर बसून हसलेली मुले आज साठीला आली आहेत, आणि चित्रातले चेहरे ओळखून नावे सांगू शकणारी तीच शेवटची माणसे आहेत.